शिक्षा चालकाची, हक्क जखमीचा

मोटारीचा विमा उतरवताना गाडीबद्दल सगळे विचारले जाते. कोणत्या कंपनीची, कोणत्या सालची, किती सीसीची, पासिंग कुठले, गेल्या वर्षी दावा केला होता का. ती गाडी चालवणाऱ्या माणसाबद्दल मात्र जवळजवळ काहीच विचारले जात नाही. मालकाच्या वैयक्तिक अपघात संरक्षणासाठी ‘माझ्याकडे परवाना आहे’ अशी एक खूण करून घेतात आणि तेवढ्यावर भागते. तो परवाना त्या दिवशी चालू आहे की आरटीओने तीन महिन्यांसाठी निलंबित केला आहे, घरातले आणखी कोण ही गाडी चालवते, त्यांच्या परवान्याची स्थिती काय, हे प्रश्न हप्ता घेताना सहसा निघत नाहीत. ते निघतात अपघात झाल्यावर, पंचनामा होऊन कागद कंपनीच्या वकिलाच्या हाती गेल्यावर. माझे म्हणणे असे की हा प्रश्न आपण चुकीच्या वेळी विचारतो आणि म्हणून त्याचे उत्तर चुकीच्या माणसाला भोगावे लागते. परवाना निलंबित असताना गाडी चालवणाऱ्याला आणि ती चालवू देणाऱ्या मालकाला पुरती किंमत मोजावी लागली पाहिजे. त्याच वेळी त्या गाडीखाली आलेल्या माणसाची भरपाई चालकाच्या परवान्यावर तसूभरही अवलंबून असता कामा नये. या दोन गोष्टी परस्परविरोधी वाटतात, पण त्या एकत्र नांदू शकतात. त्यासाठी निलंबनाची माहिती अपघाताच्या आधी मालकापर्यंत आणि विमा कंपनीपर्यंत पोचली पाहिजे.

अहिल्यानगर जिल्ह्यात हा प्रश्न कागदोपत्री उरत नाही. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा, सतरा हजार चौरस किलोमीटरहून अधिक पसरलेला. चौदा तालुक्यांसाठी परिवहन खात्याची दोन कार्यालये आहेत, नगरचे एमएच १६ आणि श्रीरामपूरचे एमएच १७. नगर-मनमाड, नगर-पुणे आणि कल्याण-विशाखापट्टणम हे रस्ते नगरला येऊन मिळतात, पुणे-नाशिक महामार्ग संगमनेरमधून जातो आणि ११ डिसेंबर २०२२ पासून कोपरगावच्या बाजूने समृद्धी महामार्गाची वाहतूक सुरू झाली आहे. शिर्डी आणि शनिशिंगणापूरची वर्दळ बारा महिने असते. गळीत हंगाम सुरू झाला की प्रवरा, संगमनेर, कोपरगाव, राहुरी, नेवासा, श्रीगोंदा या पट्ट्यात उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्यावर असतात. त्यांच्या जोडीला दुधाचे टँकर आणि कांद्याचे पिकअप. इथे गाडी ही बहुधा एका माणसाची नसते, घराची असते. आरसी बुकावर वडिलांचे नाव, चालवतो मुलगा, कधी पुतण्या, लग्नसराईत शेजारचा कुणी. ट्रॅक्टर एकाचा, हंगामापुरता ड्रायव्हर दुसरा. एका गाडीला एक विमा आणि हात अनेक, अशी ही रचना आहे. त्यांतल्या एखाद्याचा परवाना निलंबित झाला, तर ते बाकीच्यांना कळण्याची खात्रीची वाट आज नाही.

कायद्याची मांडणी आधी पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १४६ नुसार तिसऱ्या पक्षाचा विमा नसलेली गाडी सार्वजनिक जागी वापरता येत नाही. हा विमा गाडीला चिकटलेला असतो आणि त्याचा हेतू मालकाला सुख देण्याचा नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाला, म्हणजे पायी चालणाऱ्याला, सायकलवरल्या शाळकरी मुलाला, मोटारसायकलवरून रात्रपाळीला निघालेल्या कामगाराला भरपाई मिळावी हा त्याचा हेतू आहे. म्हणूनच तो सक्तीचा आहे आणि म्हणूनच त्याचा दर कंपन्यांवर न सोडता सरकार ठरवते. जून २०२२ पासूनच्या दराने हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला २,०९४ रुपये, हजार ते दीड हजार सीसीला ३,४१६ रुपये आणि त्याहून मोठ्या गाडीला ७,८९७ रुपये पडतात. गाडी कोण चालवतो, त्याने आजवर काय केले, याचा या आकड्यांशी संबंध नाही. वीस वर्षे एकही दंड न भरलेला माणूस आणि दारू पिऊन दोनदा पकडला गेलेला माणूस तिसऱ्या पक्षाच्या विम्याला सारखाच हप्ता भरतो.

दुसऱ्या बाजूला परवान्याचा कायदा आहे. कलम १९ नुसार परवाना अधिकारी चालकाला अपात्र ठरवू शकतो, कलम २० नुसार हाच अधिकार न्यायालयाला आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ते सुरक्षा समितीने ऑगस्ट २०१५ मध्ये सर्व राज्यांना कळवले की अतिवेग, सिग्नल तोडणे, मालवाहू गाडीत जादा भार किंवा माणसे भरणे, दारू पिऊन किंवा मोबाइलवर बोलत गाडी चालवणे यांसाठी परवाना किमान तीन महिने निलंबित करावा. २०१९ च्या दुरुस्तीने पोलिसांना काही गुन्ह्यांत परवाना ताब्यात घेऊन परवाना अधिकाऱ्याकडे पाठवण्याचे बंधन घातले. हेल्मेट न घालणे आणि दुचाकीवर तिघे बसणे यांनाही तीन महिन्यांची अपात्रता जोडली. कलम २३ स्पष्ट सांगते की अपात्रतेच्या काळात हातातला परवाना परिणामशून्य असतो. त्या काळात गाडी चालवली, तर कलम १८२ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. २०१९ पूर्वी हा दंड पाचशे रुपयांपर्यंत होता. ज्याच्याकडे चालता परवाना नाही त्याला गाडी चालवू देणाऱ्या मालकाला कलम १८० लागू होते. शिक्षेची तरतूद आहे आणि ती सौम्य नाही. अडचण अशी की निलंबनानंतर प्लास्टिकच्या कार्डाचा रंग बदलत नाही. खिशातले कार्ड किंवा मोबाइलमधला त्याचा फोटो आधी होता तसाच दिसतो आणि तो पाहणाऱ्या मालकाला तो खराच वाटतो.

हे दोन कायदे एकमेकांना भेटतात ते विम्याच्या अटीत. आपल्याकडच्या प्रमाणित पॉलिसीत चालकाविषयी एक कलम असते. गाडी मालकासह कुणीही चालवू शकतो, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालता परवाना हवा आणि तो अपात्र ठरवलेला नसावा. या एका वाक्यातून तीन वेगळे परिणाम निघतात. पहिला गाडीच्या नुकसानीचा. निलंबित परवान्यावर गाडी चालवताना ती खड्ड्यात गेली, तर दुरुस्तीचा दावा कंपनी नाकारू शकते. मुदत संपलेल्या परवान्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सुरेशचंद्र अगरवाल निकालात कंपनीचा असा नकार योग्य ठरवला, आणि निलंबनाची स्थिती त्याहून गंभीर आहे. दुसरा परिणाम मालक-चालकाच्या स्वतःच्या जिवाचा. २०१८ पासून पंधरा लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आले, पण तेही चालत्या परवान्याच्या अटीवर. निलंबनाच्या काळात तो स्वतः चाकामागे असताना दगावला, तर त्याच्या पत्नीचा दावा अडचणीत येतो. तिसरा परिणाम रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचा. पहिल्या दोन बाबतींत कंपनीचा नकार मला मान्य आहे. करार मालकाचा, अट मालकाने स्वीकारलेली, भंगही त्याच्याच बाजूचा. तिसऱ्या बाबतीत हे तर्कशास्त्र कोसळते. जखमी माणूस करारात नव्हता, त्याने कोणतीही अट मोडली नाही आणि आपल्या अंगावर येणाऱ्या गाडीच्या चालकाचा परवाना तपासण्याची संधी त्याला कुणी दिलेली नव्हती.

आपल्या न्यायालयांनी हा फरक ओळखला आहे. १९८७ च्या स्कँडिया निकालात परवानाधारक ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून उतरला आणि क्लीनरने ट्रक हलवला. सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला जबाबदारीतून सोडले नाही, कारण मालकाने गाडी योग्य माणसाच्याच हाती दिली होती. ५ जानेवारी २००४ च्या स्वर्णसिंग निकालात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने हा विषय सविस्तर मांडला. परवान्याच्या अटीचा भंग झाला एवढे दाखवून कंपनीची सुटका होत नाही. तो भंग मालकाच्या निष्काळजीपणामुळे झाला आणि अपघाताला कारणीभूत ठरला हेही कंपनीने सिद्ध करायचे. ते सिद्ध झाले तरी न्यायाधिकरण कंपनीला आधी जखमीला रक्कम द्यायला आणि नंतर ती मालकाकडून वसूल करायला सांगू शकते. वकिलांच्या तोंडी याला ‘पे अँड रिकव्हर’ म्हणतात. त्याच वेळी मालकांनाही मोकळे सोडलेले नाही. २०२० च्या बेली राम निकालात ड्रायव्हरच्या परवान्याचे तीन वर्षे नूतनीकरण झालेले नव्हते. नोकरीवर ठेवताना एकदा परवाना पाहिला म्हणजे कर्तव्य संपले असे होत नाही, तो पुढे चालू आहे की नाही हेही मालकाने पाहायला हवे, असे ठरवून न्यायालयाने भार मालकावर टाकला. या निकालांतून दिशा स्पष्ट दिसते. तरीही ‘आधी द्या, मग वसूल करा’ हे तत्त्व आज मुख्यतः निवाड्यांच्या आधाराने उभे आहे आणि ते लावायचे की नाही हे बरेचसे त्या त्या प्रकरणावर राहते. कलम १५० मध्ये कंपनीला मिळणाऱ्या बचावांच्या यादीत अपात्र चालक आजही आहे. कंपनी तो बचाव मांडते आणि एखादी विधवा नगरच्या मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात तारखा मोजत राहते.

या तत्त्वाचे मोल रकमेत पाहिल्याशिवाय कळत नाही. समजा तीस वर्षांचा, महिन्याला वीस हजार कमावणारा एक सुतार अपघातात गेला आणि मागे पत्नी, दोन मुले आणि आई असे चौघे त्याच्यावर अवलंबून आहेत. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांच्या सूत्राने हिशेब असा होतो. वर्षाचे उत्पन्न दोन लाख चाळीस हजार, त्यात भविष्यातल्या वाढीसाठी चाळीस टक्के मिळवून तीन लाख छत्तीस हजार, त्यातून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा एक चतुर्थांश वजा करून दोन लाख बावन्न हजार आणि वयानुसार १७ चा गुणक. एकूण ४२ लाख ८४ हजार रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेंच्या ठरलेल्या रकमा आणि व्याज. ज्याच्या नावावर चार एकर जमीन आणि एक जुनी गाडी आहे अशा मालकाकडून एवढी रक्कम वसूल करायला त्या कुटुंबाला सांगणे म्हणजे त्यांना काहीच न देणे. न्यायाधिकरणाचा हुकूम हाती असूनही दरखास्त, जप्ती, हरकती या चक्रात वर्षे जातात. विमा कंपनीकडे मात्र वकील आहेत, पैसा आहे आणि वाट पाहण्याची ताकद आहे. वसुलीचे ओझे ज्याला पेलवते त्याच्याच खांद्यावर ते असायला हवे, ही साधी न्यायबुद्धी आहे.

यावर पहिला आक्षेप विमा क्षेत्रातून येतो आणि तो वजनदार आहे. कंपनी म्हणते, आम्ही जखमीला दिले आणि मालकाकडून वसूल झाले नाही तर तो तोटा शेवटी प्रामाणिक गाडीवाल्यांच्या हप्त्यात जातो. कायदा पाळणाऱ्याने न पाळणाऱ्याचा भुर्दंड का सोसावा? शिवाय कंपनी देणारच आहे म्हटल्यावर मालकाला धाक काय उरला? उत्तर दोन भागांत देता येते. हप्त्याचा भार सर्वांमध्ये थोडा थोडा वाटला जाणे हाच विम्याचा अर्थ आहे. तो भार वाटायचा नाही म्हटले तर तो नाहीसा होत नाही, एकाच घरावर, तेही मृताच्या घरावर, पडतो. एका कुटुंबाने बेचाळीस लाख गमावण्यापेक्षा लाखो गाडीवाल्यांनी काही रुपये जास्त देणे समाजाला परवडते. धाकाचे म्हणाल तर मालकाची देणी संपत नाहीत. त्याचा घेणेकरी फक्त बदलतो, आणि नवा घेणेकरी गरीब विधवेपेक्षा अधिक चिवट असतो. तिसरीही एक गोष्ट कंपन्यांनी ध्यानात घ्यावी. ज्या माहितीच्या आधारावर त्या दावा नाकारू पाहतात, ती माहिती हप्ता घेताना किंवा निलंबनाच्या दिवशी मिळवण्याची व्यवस्था त्यांनी आजवर आग्रहाने मागितलेली दिसत नाही. हप्ता डोळे मिटून घ्यायचा आणि दावा डोळ्यांत तेल घालून तपासायचा, हे विश्वासाच्या व्यवहाराला शोभत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. असा चालक ज्या घरात आहे त्या घराच्या गाडीचा विमाच रद्द करा, म्हणजे प्रश्न मिटेल. हे ऐकायला कठोर आणि न्याय्य वाटते, पण परिणाम उलटा होतो. विमा रद्द झाला तरी गाडी रस्त्यावरून नाहीशी होत नाही. आपल्या देशात निम्म्याच्या आसपास गाड्या विम्याविना धावत असल्याचे अंदाज सरकारी पातळीवर वेळोवेळी मांडले गेले आहेत. त्यांत आणखी भर पडेल आणि भोगेल पुन्हा रस्त्यावरचा माणूस. शिवाय ती गाडी त्या घरातली परवानाधारक मुलगी चालवून आजारी आजीला दवाखान्यात नेऊ शकते. तिचा काय दोष? इतर देशांनी यातून काय मार्ग काढला ते पाहण्यासारखे आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या रस्ते वाहतूक कायद्यातले कलम १५१ सांगते की पॉलिसीत परवान्याची अट असली तरी जखमीच्या दाव्यापुरती ती नसल्यासारखीच धरायची. कंपनीने पैसे द्यायचे आणि मग संबंधिताकडून वसूल करायचे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवाना निलंबित झालेल्या माणसाला तो परत मिळवताना विमा असल्याचे प्रमाणपत्र कंपनीमार्फत थेट राज्याच्या खात्याकडे दाखल करावे लागते, आणि मध्येच विमा बंद पडला तर कंपनी खात्याला कळवते. तिथे अशा चालकाचा हप्ता भरमसाट वाढतो, पण त्याला विम्याच्या कक्षेबाहेर ढकलण्याऐवजी आत धरून ठेवले जाते. धोकादायक चालकालाच विम्याची जास्त गरज आहे, त्याच्यासाठी नव्हे, त्याच्या वाटेत येणाऱ्यांसाठी. हे तत्त्व आपण घ्यायला हरकत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो, कारण तो पोटाचा आहे. उसाच्या ट्रॅक्टरवरचा, दुधाच्या टँकरवरचा ड्रायव्हर तीन महिने घरी बसला तर त्याची चूल कशी पेटायची? गळीत हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा. जादा ऊस भरण्याचा हुकूम मालकाचा किंवा मुकादमाचा, आणि परवाना जातो ड्रायव्हरचा. म्हणून तो निलंबन लपवतो आणि चालवत राहतो. या माणसाला केवळ गुन्हेगार ठरवून प्रश्न सुटणार नाही. कायद्यात इथे वाट आहे, ती वापरली जात नाही. कलम १९ सरसकट सगळ्या परवान्याबरोबरच विशिष्ट वर्गाच्या वाहनापुरतीही अपात्रता ठरवू देते, आदेशाआधी म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक करते आणि तीस दिवसांत अपिलाची मुभा देते. २०१९ च्या दुरुस्तीने निलंबनानंतर परवाना परत घेण्यासाठी उजळणी प्रशिक्षणाची अट घातली आहे. हे प्रशिक्षण तालुक्याच्या ठिकाणी, परवडेल अशा शुल्कात मिळाले तर निलंबनाला सुधारण्याचा अर्थ येईल. जादा भाराच्या बाबतीत ड्रायव्हरबरोबर भार भरायला लावणाऱ्यालाही जबाबदार धरायला हवे. आणखी एक भेद करायला हवा. हेल्मेट न घालता स्कूटर चालवल्याबद्दल झालेले निलंबन आणि दारू पिऊन ट्रक चालवल्याबद्दल झालेले निलंबन विम्याच्या दृष्टीने एकाच मापाने मोजणे अन्यायाचे आहे. पहिल्यात धोका मुख्यतः स्वतःला, दुसऱ्यात दुसऱ्याच्या जिवाला. अटीचा भंग अपघाताला कारणीभूत होता का, ही स्वर्णसिंग निकालातली कसोटी इथे उपयोगी पडते आणि गाडीच्या नुकसानीच्या दाव्यातही ती लावायला हवी.

मग करायचे काय? गाभ्याची गोष्ट माहितीच्या वेळेची आहे. परवान्यांची नोंद ‘सारथी’ प्रणालीत आहे, गाड्यांची ‘वाहन’ प्रणालीत. दोन्ही केंद्र सरकारच्या आहेत, विम्याची स्थितीही ‘वाहन’वर दिसते. निलंबनाचा आदेश ‘सारथी’त चढला की त्या व्यक्तीच्या नावावरच्या गाड्यांच्या विमा कंपनीला सूचना जावी. कंपनीने आठवड्याच्या आत मालकाला मराठीत संदेश पाठवावा: अमुक तारखेपर्यंत तुम्ही ही गाडी चालवू नका, चालवलीत तर गाडीचे नुकसान आणि तुमचे अपघात संरक्षण मिळणार नाही, आणि दुसऱ्याला द्यावी लागलेली भरपाई तुमच्याकडून वसूल होईल; घरातला दुसरा परवानाधारक मात्र गाडी चालवू शकतो. ज्यांच्या गाडीवर पगारी ड्रायव्हर आहे त्यांना ड्रायव्हरचा परवाना क्रमांक आपल्या पॉलिसीशी जोडण्याची सोय असावी, म्हणजे त्याचे निलंबन मालकाला कळेल. इथे खासगीपणाचा प्रश्न निघेल आणि तो निघायलाच हवा. कंपनीला माणसाचा सगळा इतिहास देण्याची गरज नाही. परवाना चालू आहे की नाही आणि नसल्यास कोणत्या तारखेपर्यंत, एवढेच पुरे. आज अपघातानंतर हीच माहिती भर न्यायालयात उघड होते. ती आधी आणि मर्यादित स्वरूपात कळण्यात माणसाची अब्रू अधिक राखली जाते.

याच्या जोडीला हप्त्याची रचना बदलावी लागेल. विमा नियामक प्राधिकरणाच्या कार्यगटाने जानेवारी २०२१ मध्ये वाहतूक नियमभंगाला हप्त्याशी जोडण्याची योजना मांडली होती. दारू पिऊन चालवण्याला १०० गुण, चुकीच्या जागी गाडी लावण्याला १० गुण, अशी ती श्रेणी होती आणि सुरुवात दिल्लीपासून करावी असे सुचवले होते. आज ‘नो क्लेम बोनस’मुळे गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यात पन्नास टक्क्यांपर्यंत सवलत मिळते, पण ती दावा न केल्याबद्दल, नीट चालवल्याबद्दल नाही. दोनदा निलंबित झालेला माणूस दावा न करता ही सवलत घेत राहू शकतो. नियमभंगाचे गुण हप्त्यात उतरले, तर सावध चालकाला दिलासा मिळेल आणि न वसूल झालेल्या रकमांचा जो भार कंपन्या सांगतात, तो ज्यांच्यामुळे निर्माण होतो त्यांच्याकडूनच बराचसा भरून निघेल. प्रामाणिकांवर भुर्दंड पडतो या पहिल्या आक्षेपाचे खरे उत्तर इथे आहे. जखमीचा हक्क कापून तो भुर्दंड वाचवण्याची गरज उरत नाही.

२०२२ मध्ये देशातल्या ४,६१,३१२ रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे गेली, महाराष्ट्रातली १५,२२४. यांतल्या कितींच्या बाबतीत चालकाचा परवाना निलंबित होता, हा प्रश्न महत्त्वाचा आहे, पण ज्यांचा माणूस गेला त्यांच्यासाठी तो दुय्यम आहे. त्यांना भरपाई मिळणे हा त्यांचा हक्क आहे आणि कायद्याने तो कोणत्याही जर-तरशिवाय मान्य करावा. संसदेने कलम १५० मध्ये स्पष्ट लिहावे की चालकाची अपात्रता हा जखमीविरुद्धचा बचाव असणार नाही, तो फक्त मालक आणि चालकाविरुद्ध वसुलीचा आधार असेल. परिवहन खात्याने निलंबनाची सूचना कंपनीपर्यंत पोचवावी आणि कंपन्यांनी ती मालकापर्यंत. हे होईपर्यंत आपल्या जिल्ह्यात थांबून राहण्याचे कारण नाही. साखर कारखान्यांनी हंगामाच्या आधी वाहतुकीचे करार करताना आणि दूध संघांनी टँकर लावताना प्रत्येक ड्रायव्हरच्या परवान्याची स्थिती परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहावी, आणि दर महिन्याला पुन्हा पाहावी. परवाना क्रमांक आणि जन्मतारीख टाकली की ती दिसते. घरच्या गाडीच्या मालकानेही किल्ली देण्यापूर्वी एवढे करावे, समोर सख्खा मुलगा असला तरी. निलंबन झालेल्याने ते घरात सांगावे, लपवू नये. तीन महिने बसने जाणे जड नाही, बेचाळीस लाखांचे देणे आणि एका माणसाचा जीव आयुष्यभर डोक्यावर वागवणे जड आहे.